यमक कानाने शोधावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील मुलांच्या पानासाठी कविता मागवताना जी सूचना छापली जाते, तीत ‘ओळींच्या अखेरची अक्षरे सारखी असावीत’ असे एक वाक्य असते. सूचना लहानांसाठी असल्यामुळे ती सोपी ठेवली आहे, हे समजण्यासारखे आहे. परंतु यमकाची हीच व्याख्या अनेकांच्या मनात कायमची बसते आणि पुढे गीत, जाहिरातीची ओळ किंवा साधी शुभेच्छापर चारोळी लिहितानाही माणूस अखेरचे अक्षर पाहूनच शब्द शोधत राहतो. परिणामी न जुळणारे शब्द जुळल्यासारखे वाटतात आणि खरोखर जुळणारे शब्द समोर असूनही सुचत नाहीत.

‘ऋषी’ आणि ‘खुशी’ हे दोन शब्द मोठ्याने उच्चारून पाहावेत. मराठीत ‘ऋ’चा उच्चार ‘रु’ असा होतो, आणि ‘ष’ व ‘श’ यांतील भेद बहुतेकांच्या बोलण्यात उरलेला नाही. त्यामुळे कानाला हे यमक निर्दोष आहे, मात्र आपल्या सूचनेच्या कसोटीवर ते बाद ठरेल. ‘तृण’ला ‘तरुण’ आणि ‘अरुण’ असेच जुळतात, ‘कृती’ला ‘श्रुती’ जुळते. ‘दिन’ ह्रस्व लिहिला जातो आणि ‘लीन’ दीर्घ, कारण १९६२च्या लेखननियमांनुसार तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांतील उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षराचे) इकार-उकार मुळाप्रमाणे ठेवायचे असतात. बोलताना मात्र आपण दोन्हीकडे दीर्घच ईकार उच्चारतो. याच्या उलट ‘पाच’ आणि ‘नाच’ हे कागदावर जुळे भाऊ दिसतात, परंतु ‘पाच’मधला च तालव्य (‘चार’मधल्यासारखा) आहे आणि ‘नाच’मधला दंततालव्य (‘चाक’मधल्यासारखा), म्हणून ‘नाच’चा खरा जोडीदार ‘जाच’ आहे. सर्वांच्या ओठांवर असलेली ‘सुख–दुःख’ ही जोडीसुद्धा काटेकोरपणे पाहिली तर पूर्ण यमकाची नाही: ‘सुख’मधला उकार आपण लांबवतो आणि ‘दुःख’मधला आखडता घेऊन ‘दुक्ख’ असे म्हणतो. अर्थाच्या सलगीमुळे हा फरक कोणी मनावर घेत नाही, इतकेच.

तेव्हा पाहायचे ते अखेरचे अक्षर नव्हे, तर शब्दाचे उच्चारातील शेपूट. शब्द व्यंजनाच्या उच्चारावर संपत असेल, तर हे शेपूट त्याआधीच्या स्वरापासून धरावे. ‘घर’ आपण ‘घर्’ असे उच्चारतो, म्हणून त्याचे शेपूट ‘अर्’, आणि ‘सर’, ‘भर’, ‘नगर’, ‘सागर’ हे सारे त्याचे सोबती. शब्द स्वरावर संपत असेल, तर एक स्वर आणखी मागे जावे लागते. ‘आली’ आणि ‘गेली’ यांच्यात केवळ ‘ली’ समान आहे, तर ‘आली’ आणि ‘खाली’ यांच्यात ‘आली’ हे सबंध शेपूट समान आहे. जोडाक्षराने संपणाऱ्या शब्दांनाही हेच लागू होते: ‘पत्र’ला ‘छत्र’ पूर्ण जुळते, ‘मित्र’ अर्धवट. गझल लिहिणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण काफियाच्या, म्हणजे गझलेतल्या यमकाच्या, आधीचा न बदलणारा स्वर, म्हणजे अलामत, सांभाळण्याची शिस्त त्यांना सुरुवातीलाच लागते. इतर कवितालेखनात मात्र ती क्वचितच शिकवली जाते.

मराठीपुरती एक अडचण याहून मोठी आहे, आणि सूचनेत तिचा उल्लेख असायलाच हवा असे मला वाटते. आपली भाषा प्रत्ययांची असल्यामुळे ती फसवी यमके फुकट वाटत असते. ‘घरात’, ‘शाळेत’, ‘गावात’, ‘पावसात’ अशा ओळी कितीही लिहिता येतील, कारण सप्तमीचा ‘त’ प्रत्येक नामाला लागतो. ‘जातो–येतो–बसतो’, ‘त्याला–तिला–आईला’ यांचीही तीच गत. अशा वेळी प्रत्यय झाकून उरलेला शब्द जुळतो का, हे पाहावे. ‘वनात–मनात’ यांतून ‘त’ काढला तरी ‘वना–मना’ जुळलेलेच राहतात. ‘घरात–रानात’ यांतून काढला, तर हाती फक्त एक आकार उरतो. ‘करतो–भरतो’ यांच्यात ‘कर–भर’ हे यमक आहे, ‘करतो–बसतो’ यांच्यात केवळ वर्तमानकाळ आहे. आपल्याकडे छापून येणाऱ्या पुष्कळ कविता एकसुरी वाटतात, त्यामागे कल्पनेचे दारिद्र्य असतेच असे नाही. ओळीच ओळी एकाच प्रत्ययावर टेकून उभ्या असतात, हे त्याचे अधिक साधे कारण आहे.

शोधण्याची रीत कंटाळवाणी वाटेल, पण ती खात्रीची आहे. शेपूट ठरले की त्याच्या आधी ‘क’पासून ‘ह’पर्यंत एकेक व्यंजन लावत जावे. ‘माती’चे शेपूट ‘आती’: खाती, गाती, छाती, जाती, नाती, पाती, राती, वाती, हाती. नंतर अधिक अक्षरांचे शब्द घ्यावेत, म्हणजे ‘प्रभाती’ आणि ‘सांगाती’ सापडतात. या ओळीत नामे, क्रियापदे आणि विभक्तीची रूपे सरमिसळ आली आहेत, आणि यमकाची गोडी बरीचशी याच सरमिसळीत असते. ‘माती’समोर ‘गाती’ आले की वाक्याची घडण आपोआप बदलते, तर ‘गाती’समोर पुन्हा ‘खाती’ आले की ओळी एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात. उच्चार तोच आणि अर्थ वेगळा अशी जोडीही चालते; हातासाठीचा ‘कर’ आणि भरायचा ‘कर’ हे सोपे उदाहरण. जुन्या पंडित कवींना या खेळाचे इतके वेड होते की वामन पंडितांना ‘यमक्या वामन’ असेच नाव पडले.

पूर्ण यमक सापडत नसेल तेव्हा ‘जाण’, ‘खास’, ‘भारी’, ‘छान’ असे भरतीचे शब्द ओळीच्या शेवटी कोंबण्यापेक्षा सैल यमक पत्करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सैलपणालाही प्रती असतात. व्यंजन त्याच वर्गातले किंवा त्याच्या जवळचे असेल आणि स्वर कायम असतील, तर कान फारशी तक्रार करत नाही: ‘हात–साथ’, ‘भूक–सुख’, ‘पाणी–ध्यानी’, ‘काळ–चाल’. ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’ असा उच्चारतो, म्हणून ‘अज्ञ’ला ‘धन्य’सुद्धा चालून जाईल, जे हिंदीत जमणार नाही. व्यंजन दूरचे असूनही स्वर तेच असतील, जसे ‘वाट–रान’, तर गाण्यात चालते आणि वाचताना खटकते. स्वरच बदलला, जसे ‘हात–शेत’, की मात्र केवळ अखेरचे व्यंजन यमकाचा भार पेलू शकत नाही, आणि आपल्या सूचनेप्रमाणे नेमकी हीच जोडी उत्तीर्ण होते.

सैल यमकाला कमी लेखण्याचेही कारण नाही. ज्ञानेश्वरांच्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक असते आणि चौथा मोकळा असतो. पसायदानाच्या पहिल्याच ओवीत ‘देवें’, ‘तोषावें’, ‘द्यावें’ असे शब्द आहेत. वरचे सगळे निकष लावले तर ‘देवें’ बाकीच्या दोघांशी सैलच जुळतो, आणि त्या दोघांतही ‘आवें’ हा प्रत्ययच समान आहे. ओवीच्या मोकळ्या चालीला हे शोभते. मोरोपंतांच्या आर्येत असे शैथिल्य चालले नसते, कारण तिथे अंत्ययमकाचा ठसठशीतपणा हाच रचनेचा एक डौल आहे. तेव्हा कोणते यमक पुरेसे, हे रचनेच्या जातीवर ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी पूर्ण आणि सैल यमकांतला फरक ऐकू यावा लागतो.

आपण सूचना बदलणार असाल तर एवढेच वाक्य पुरे होईल: ‘ओळी मोठ्याने वाचा, प्रत्यय झाकून शेवटचे शब्द पुन्हा म्हणा, तरीही ते जुळत असतील तर यमक पक्के.’ आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे करता येते. हल्ली मोबाइलवर यमक शोधून देणाऱ्या ज्या शब्दसूची वापरल्या जातात, त्या बनवणाऱ्यांपर्यंतही ही विनंती पोहोचावी. शब्द लिपीप्रमाणे शेवटून लावले, की ‘त’ विचारल्यावर सप्तमीची शेकडो रूपे ओतली जातात आणि ‘ऋषी’ विचारल्यावर ‘खुशी’ कधीच येत नाही. सूची उच्चारानुसार लावून मूळ शब्द आणि प्रत्यय लागलेली रूपे वेगळ्या रकान्यांत ठेवली, आणि सैल यमके त्यांच्या खाली वेगळी दिली, तर ती सूची लिहिणाऱ्याच्या खरोखर उपयोगी पडेल.

आपला विश्वासू,
एक वाचक