वर्षाच्या बाळाचे दूध बदलताना ताटही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळाचे डब्याचे दूध (फॉर्म्युला) बंद करून गाईचे दूध कधी सुरू करायचे, या प्रश्नाला घरातल्या मोठ्यांपासून आरोग्यसदरांपर्यंत सगळीकडे एकच उत्तर मिळते : वर्ष झाले की. उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे कुणी सांगत नाही. मग पहिल्या वाढदिवसानंतर काही महिन्यांत मूल फिकट दिसू लागते, जेवणाला तोंड उघडत नाही, शी खड्यासारखी होते आणि खापर फुटते दुधाच्या ब्रँडवर. दोष बहुतेक वेळा मापाचा असतो.

आधी वर्षाची अट कशासाठी, ते पाहू. फॉर्म्युल्याच्या 100 मिलीत प्रथिने साधारण 1.3 ते 1.5 ग्रॅम असतात, गाईच्या दुधात 3.3 ग्रॅमच्या आसपास. सोडियम-पोटॅशियमसारखे क्षारही दुधात बरेच जास्त. हा सगळा जादा माल लघवीवाटे बाहेर टाकायला तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडाला जास्त पाणी लागते. ताप किंवा जुलाब झाले की तेच पाणी अपुरे पडते. शिवाय लहान वयात या दुधाने काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा किंचित रक्तस्राव होतो. वर्षाच्या सुमारास हे दोन्ही धोके बरेच ओसरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023च्या मार्गदर्शनात, अंगावरचे दूध न मिळणाऱ्या बाळांना सहा महिन्यांनंतर फॉर्म्युला किंवा प्राण्याचे दूध यांपैकी काहीही चालेल, असे म्हटले आहे. अनेक देशांतले बालरोगतज्ज्ञ मात्र मुख्य पेय म्हणून गाईचे दूध बारा महिन्यांनंतरच द्या म्हणतात, आणि परवडत असेल तर तेच थांबणे शहाणपणाचे. खीर, लापशी यांसारख्या पदार्थांत थोडे दूध सहा महिन्यांनंतर चालते. मूल दिवस भरण्याआधी जन्मलेले असेल, तर तारीख डॉक्टरांना विचारून ठरवावी.

आता त्या उरलेल्या अर्ध्याकडे. एक वर्षाच्या मुलाला रोज सुमारे 7 मिलीग्रॅम लोह लागते. फॉर्म्युल्यात ते मुद्दाम घातलेले असते. बनावटीनुसार 100 मिलीत साधारण 0.5 ते 1.2 मिलीग्रॅम. म्हणजे अर्धा लिटर डब्याचे दूध पिणाऱ्या मुलाच्या पोटात अडीच ते सहा मिलीग्रॅम लोह नुसत्या दुधातून जात होते. तेवढ्याच गाईच्या दुधातून जेमतेम पाव मिलीग्रॅम मिळते. वर दुधातले कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन जेवणातल्या लोहाचे शोषणही कमी करतात. डबा बंद झाला त्या दिवशी लोहाची ही तूट पडते, आणि ती भरायची जबाबदारी ताटावर येते : डाळी-कडधान्ये, अंडे, मांस, मासे, हिरव्या पालेभाज्या, लोह घातलेले धान्यपदार्थ. वनस्पतीतले लोह कमी शोषले जाते, म्हणून त्या घासासोबत आंबट फळ, टोमॅटो किंवा लिंबू द्यावे. त्यातल्या क जीवनसत्त्वाने शोषण वाढते. डी जीवनसत्त्वाचेही तसेच. फॉर्म्युल्यात ते असते, साध्या दुधात नाममात्र. या वयाला रोज 400 ते 600 युनिट लागते. दुधात ते वरून घातलेले नसेल, तर थेंबांबद्दल डॉक्टरांना विचारावे.

म्हणून खरे काम डबा बंद करण्याच्या आधीच सुरू होते. मूल दिवसातून तीनदा घट्टसर, चावून खायचे जेवण आणि एखाद-दोन वेळा मधले खाणे घेत असेल, तर दूध बदलायला हरकत नाही. अजून पातळ, गाळलेले अन्नच जात असेल, तर आधी जेवण मार्गी लावा. डबा आणखी दोन-तीन आठवडे चालल्याने काही बिघडत नाही.

किती दूध द्यायचे? दिवसभरात 350 ते 500 मिली. दही, चीज, पनीर खाणाऱ्या मुलाला खालचा आकडा पुरतो. अर्ध्या लिटरमध्ये सुमारे 600 मिलीग्रॅम कॅल्शियम असते, ते या वयाला भरपूर झाले. 700 मिलीच्या वर गेले की लोहाची कमतरता होण्याची शक्यता वाढते. एका लिटरचा हिशेब करून बघा : सुमारे 650 कॅलरी. या वयाच्या मुलाची दिवसाची गरजच साधारण 800 ते 1000ची. दोन तृतीयांश पोट दुधाने भरल्यावर ते मूल जेवत नाही यात नवल काय? आणि जेवत नाही म्हणून काळजीने पुन्हा बाटली. हे चक्र फार घरांत दिसते. तोडायचे असेल तर दूध जेवणाआधी देऊ नये. जेवणानंतर किंवा दोन जेवणांच्या मध्ये, 120 ते 150 मिलीचे तीन कप, बस्स.

बदल करण्याची पद्धत फार अवघड नाही. पुष्कळ मुले एका दिवसात नवे दूध घेतात आणि वैद्यकीयदृष्ट्या त्यात गैर काही नाही. चवीला चोखंदळ मूल असेल तर हळूहळू जावे. फॉर्म्युला आधी डब्यावर लिहिल्याप्रमाणे पाण्यात, सपाट केलेल्या चमच्याने मोजून पूर्ण तयार करायचा. मग 180 मिलीच्या मापात 135 मिली तो आणि 45 मिली गाईचे दूध. दोन-तीन दिवसांनी 90-90, आणखी दोन-तीन दिवसांनी 45 मिली फॉर्म्युला आणि 135 मिली दूध, त्यानंतर नुसते दूध. शी घट्ट झाली तर त्याच पायरीवर चार-पाच दिवस थांबावे. मिसळलेले दूध फॉर्म्युल्यासारखेच समजावे : बाळाने तोंड लावल्यावर तासाभराच्या आत संपले नाही तर ओतून द्यावे.

इथे एक चूक वारंवार होते आणि ती खरोखर त्रासदायक आहे. पाण्याऐवजी गाईच्या दुधातच पावडरचे चमचे कालवायचे, म्हणजे ‘दुप्पट ताकद’! अशाने प्रथिने आणि क्षार भलतेच दाट होतात, मुलाला तहान लागते, शी आवळते, मूत्रपिंडावर ताण येतो. उलट चूकही तितकीच जुनी : ‘पचायला जड’ म्हणून दुधात निम्मे पाणी. त्याने पोट भरते, पोषण मात्र निम्मे होते. वर्षाच्या मुलाला दूध पाणी न घालता द्यावे. पाणी वेगळे, कपातून.

फॉर्म्युला चवीला गोडसर असतो, कारण त्यात लॅक्टोज (दुधातली नैसर्गिक साखर) दुधापेक्षा जास्त, सुमारे 7 टक्के. गाईच्या दुधात ते पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. मूल पहिल्या घोटाला तोंड वाकडे करते ते त्यामुळे. साखर घालून ते सरळ करू नका, ती सवय दातांना महागात पडते. डब्याचे दूध ज्या कोमटपणाला मिळत होते, त्याच कोमटपणाला नवे दूध द्या. नंतर हळूहळू साध्या तापमानावर आणता येते. मायक्रोवेव्हमध्ये तापवले तर काही भाग चटका बसेल इतका गरम राहतो, म्हणून ढवळून, मनगटावर थेंब टाकून मगच द्यावे.

दूध पूर्ण फॅटचे हवे, निदान दोन वर्षांपर्यंत. कमी फॅटच्या दुधात ऊर्जा आणि अ जीवनसत्त्व घटते. उकळून गार केलेल्या दुधावरची साय काढून टाकली, तर घरीच कमी फॅटचे दूध तयार झाले! साय घोटून परत मिसळावी. नुसती वर तरंगत ठेवली तर तिचा पापुद्रा मुलाच्या घशाशी अडकतो, उमासा येतो आणि ‘याला गाईचे दूध चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो. गाळणीतून ओतले की प्रश्न मिटतो, गाळणीवरची साय जेवणात कालवावी. कच्चे दूध कधीही देऊ नये. ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा तापाचा आजार), क्षयाचे जंतू, ई. कोलाय जंतू यांचा धोका खरा आहे. सुटे दूध उकळी येईपर्यंत तापवावे आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. यूएचटी (अतिउच्च तापमानाला निर्जंतुक केलेल्या दुधाचे) पाकीट न फोडता उकळलेल्या दुधासारखेच सुरक्षित असते, फोडल्यावर मात्र फ्रीज हवाच.

बाटलीचे काय? दूध बदलतानाच ती सोडवणे सर्वांत सोपे, कारण चव नवी आणि भांडेही नवे. बाटलीतून मूल भुकेपेक्षा जास्त ओढते. आधी दुपारची बाटली काढून कप द्यावा, मग सकाळची, झोपेच्या वेळची शेवटी. अठरा महिन्यांच्या आत ती पूर्ण सुटलेली बरी. तोंडात बाटली ठेवून झोपणाऱ्या मुलाचे वरचे पुढचे दात आधी किडतात, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दूध दातांवर साचून राहते. रात्रीचे दूध दर दुसऱ्या रात्री 30 मिलीने कमी करत गेले, की आठ-दहा दिवसांत बंद होते. दात घासल्यावर फक्त पाणी.

पहिल्या आठवड्यात शी फिकी आणि थोडी घट्ट होणे सामान्य आहे. कुंथून रडू लागले, खडे पडू लागले किंवा शीवर लाल रेघ दिसली, तर आधी दुधाचे माप तपासा, पाणी आणि फळे वाढवा. मनाने रेचक देऊ नका.

ॲलर्जीबद्दल फार घबराट असते. साधा फॉर्म्युला गाईच्याच दुधापासून बनतो. तो महिनोन्‌महिने पचवणाऱ्या मुलाला वर्षाला अचानक गाईच्या दुधाची ॲलर्जी निघणे दुर्मीळ. लॅक्टोज पचत नाही हे कारणही बसत नाही, कारण डब्यात ते जास्तच होते. जुलाबांच्या आजारानंतर काही दिवस पचत नाही, एवढेच. मात्र ज्या मुलाला ॲलर्जीमुळे खास विघटित (आधीच बारीक तोडलेल्या) प्रथिनांचा फॉर्म्युला चालू आहे, त्याचे दूध घरी बदलून पाहू नये. त्याला शेळीचे किंवा म्हशीचे दूध हाही पर्याय नाही. प्रथिने इतकी सारखी की बहुतेकांना त्यानेही त्रास होतो. दूध प्यायल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, लागोपाठ उलट्या, धाप लागणे, यांपैकी काही दिसले तर थांबून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

‘एक वर्षावरील मुलांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वाढीच्या पावडरींची निरोगी, जेवणाऱ्या मुलाला गरज नाही. जागतिक आरोग्य सभेने 1986 मध्येच अशी फॉलोअप (फॉर्म्युल्यानंतर द्यायची म्हणून विकलेली) दुधे अनावश्यक ठरवली होती. जाहिरात मात्र थांबलेली नाही. अनेक पावडरींत साखर घातलेली असते, डब्याच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. आणि जे मूल दूध पीतच नाही, त्याच्यावर जबरदस्ती नको. दही, चीज आणि दुधात शिजवलेले अन्न यांनी काम भागते.

मूल फिकट, चिडचिडे झाले किंवा माती-खडू तोंडात घालू लागले, तर रक्त तपासून घ्यावे. जाताना तीन दिवसांच्या दुधाचा आकडा मिलीत लिहून न्यावा. ‘तीन वेळा पितो’ एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. ती तीन वेळा 120ची असेल किंवा 240ची.

आपले,
बालआहार क्षेत्रात काम करणारे काही वाचक