पुण्याच्या पाण्याचा हिशेब उजनीपर्यंत मांडावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) उपयुक्त साठा होतो. त्यातून पुण्याने किती उचलावे आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला कालव्याची किती आवर्तने (पाणी सोडण्याच्या पाळ्या) मिळावीत, यावर दरवर्षी वाद होतो. पण शहर वापरून सोडून देते त्या पाण्याचे काय, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न त्यात मागे पडतो.

घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते, असे नियोजनात धरले जाते. पुण्याचे हे पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनी धरणात जाते, आणि सोलापूर शहराला पिण्याचे पाणी मुख्यतः उजनीतूनच मिळते. प्रक्रिया केलेले साडेसहा टीएमसी पाणी शेतीला द्यावे आणि त्या बदल्यात धरणातले पाणी पिण्यासाठी राखावे, या विचाराने मुंढव्याचे जॅकवेल (नदीतले पाणी उपसून कालव्यात सोडणारे केंद्र) उभारले गेले. विचार अगदी योग्य होता. परंतु प्रक्रिया अपुरी राहिली की शेतकऱ्याच्या वाट्याला मैलापाणी येते, त्याची जमीन आणि विहीर नासते, आणि मग त्याने कालव्याच्या पाण्याचाच आग्रह धरला तर त्याला दोष देता येणार नाही. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ केंद्रांत मिळून रोज ३९६ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्रकल्पाला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. त्याची गती हा केवळ पुण्याचा प्रश्न नाही.

दुसरी उणीव भूजलाची आहे. २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांतील अनेक सोसायट्या टँकर आणि बोअरवेलवर चालतात. हे पाणी धरणाच्या कोट्यात मोजले जात नाही, पण त्याचे सांडपाणी त्याच नदीत येते. म्हणून केवळ धरणातून उचललेल्या पाण्यावरून काढलेला सांडपाण्याचा अंदाज कमीच भरणार.

मुळशी धरणातून पाणी आणण्याची मागणीही होत असते. वाढत्या शहराला अधिक पाणी लागेल, हे मान्य; मात्र शुद्धीकरणाची तेवढी क्षमता प्रत्यक्ष चालू झाल्याशिवाय वाढीव कोटा मंजूर करू नये. तसेच धरण, भूजल, गळती आणि नदीत सोडलेले पाणी यांचा एकत्रित ताळेबंद महापालिका व जलसंपदा विभागाने दर महिन्याला जाहीर करावा, आणि त्यात मुंढव्याहून कालव्यात सोडलेल्या पाण्याच्या गुणवत्तेची नोंद असावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे