चेंजओव्हर पॅनेलचे कोटेशन मागवण्यापूर्वी

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय : लिफ्ट व पाण्याच्या पंपांसाठी सामाईक डीसी बसचा (सगळे स्रोत आणि यंत्रे जिला जोडायची ती एकच डीसी वाहिनी) विचार करण्याबाबत

महोदय,

येत्या सर्वसाधारण सभेपुढे जुने चेंजओव्हर पॅनेल बदलण्याचा विषय आहे. दोन फीडर (बाहेरून वीज आणणाऱ्या लाइन), जनरेटर आणि गच्चीवरचे सोलर हाताशी असताना पुन्हा तसलेच, फक्त मोठे पॅनेल घ्यावे, हे मला पटत नाही.

चेंजओव्हर एक पुरवठा सोडतो, मग दुसरा धरतो. दोन एसी पुरवठे एकदम जोडायचे तर व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, फेजचा क्रम आणि कोन, सगळे जुळवावे लागते. म्हणून मध्ये खंड पडतोच. जिन्यातल्या दिव्यांचे त्यात काही बिघडत नाही, लिफ्टचे बिघडते. ब्रेक खटकन बसतो, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, जनरेटर सुरू होऊन स्थिरावण्यात दहाएक सेकंद जातात आणि मग ती रांगत जवळचा मजला गाठते.

गंमत अशी, की उपायाचा अर्धा भाग लिफ्टच्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रात, आधीच आहे. ड्राइव्ह 415 व्होल्ट एसीचे साधारण 560 व्होल्ट डीसी करतो आणि त्यातून मोटरला हव्या त्या फ्रिक्वेन्सीचे एसी बनवून देतो. या मधल्या डीसी बसवर प्रत्येक स्रोत आपापल्या कन्व्हर्टरमधून (वीज हव्या त्या रूपात बदलणाऱ्या साधनातून) आणला, तर जुळवाजुळव उरतच नाही. जनरेटर 49 हर्ट्झवर असो की 51 वर, फेज उलटे लागलेले असोत, डीसीला फरक पडत नाही. एक स्रोत गेला की दुसरा भार उचलतो. जनरेटर येईपर्यंतची वेळ तिथेच जोडलेली छोटी बॅटरी निभावते.

वीज गेल्यावर भर उन्हात सोलर का बंद पडते, यावर मागच्या सभेत बरीच गरमागरमी झाली. तो बिघाड नव्हे. लाइनवर काम करणाऱ्याला उलट आलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर मुद्दाम तसा बनवलेला असतो. हेच सोलर डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून बसवर घेतले, तर बाहेरची वीज नसतानाही उन्हावर पंप चालेल. फीडरच्या बाजूला डायोड रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारे, वीज एकाच दिशेने जाऊ देणारे साधन) असल्याने वीज उलट जाणार नाही.

समितीने एकदा सकाळी लिफ्ट रूममधली जाळीची पेटी पाहावी. ऑफिसच्या वेळी लिफ्ट भरून खाली येते आणि रिकामी वर जाते. रिकाम्या लिफ्टपेक्षा काउंटरवेट (दोराच्या दुसऱ्या टोकाचे तोलाचे वजन) जड, त्यामुळे दोन्ही फेऱ्यांत मोटरच वीज तयार करते आणि ती त्या पेटीतल्या रेझिस्टरमध्ये जाळून टाकली जाते. हात जवळ नेला तरी धग लागते. बस सामाईक असेल तर त्याच वेळी चालू असलेल्या पंपाला ही वीज वापरता येईल. पंप सकाळीच लावायचे, एवढे पाळावे लागेल.

सगळी इमारत यावर टाकावी, असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक रूपांतरात थोडी वीज वाया जातेच. दिवे चेंजओव्हरवर ठीक आहेत. अग्निशमन पंप मात्र यात मुळीच गुंतवू नये, त्याला स्वतंत्र थेट फीडरच हवा. बस बंद पडली तर पाण्याचा पंप थेट चालवता येईल असा बायपास ठेवावा. आणि कोटेशनमध्ये डीसीसाठीचेच ब्रेकर लिहून घ्यावेत. 50 हर्ट्झचा एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीत ती विझत नाही, साधा एमसीबी तिथे धोक्याचा. पुरवठा तोडल्यावरही बसवरच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटे विद्युतभार (चार्ज) राहतो, तशी पाटी पॅनेलवर हवीच.

पहिले पाऊल बिनखर्चाचे आहे. लिफ्टची देखभाल करणाऱ्यांना लेखी विचारावे, की ड्राइव्हची डीसी टर्मिनल बाहेर जोडायला मोकळी आहेत का, आणि तिथे जोडणी केल्यास देखभाल करार कायम राहील का. उत्तर नाही असे आले, तर लिफ्ट वगळून फक्त पंप आणि सोलरसाठी वेगळे कोटेशन मागवावे.

आपला,
एक सभासद