लिव्हरपूलचे तळघर समजायचे, तर आधी भरती समजून घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लिव्हरपूलवरच्या मराठी प्रवासलेखांत बीटल्स आणि फुटबॉल आटोपले की ‘शहराखालचे गूढ बोगदे’ हा परिच्छेद हमखास येतो. जुनी गोदी, विल्यमसनचे बोगदे आणि युद्धकाळातले तळघर तिथे एकाच माळेत ओवलेली असतात. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी झाली. गूढ बाजूला ठेवून ती पाहिली तर बरेच अधिक हाती लागते, म्हणून हे पत्र.

सुरुवात पाण्यापासून करावी. लिव्हरपूलच्या मर्सी नदीत उधाणाला पाणी दहा मीटरच्या आसपास वर-खाली होते. मुंबई बंदरात मोठ्या उधाणालाही हा फरक पाचेक मीटर असतो. अशा नदीत धक्क्याला लागलेले जहाज ओहोटीला चिखलात बसते, कलते आणि मालाचा खोळंबा होतो. म्हणून थॉमस स्टीअर्स या अभियंत्याने इथली खाडी बांधून घेतली आणि १७१५मध्ये गोदी सुरू झाली. व्यापारी मालाच्या चढउतारासाठी बांधलेली ही जगातली पहिली बंदिस्त ओली, म्हणजे दरवाज्यांनी पाणी अडवून ठेवणारी, गोदी.

अशा गोदीच्या दरवाज्याची दोन दारे आतल्या पाण्याकडे टोक करून कोनात मिटतात. भरतीला आतबाहेरची पातळी सारखी झाली की ती उघडून जहाज आत घ्यायचे. ओहोटी लागताच ती मिटली की आतल्या पाण्याचा दाबच त्यांना एकमेकींवर आवळून धरतो. वेळ चुकली तर पुढच्या भरतीपर्यंत सुमारे बारा तास ताटकळणे आले. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत दरवाज्याच्या उंबऱ्यावर पुरेसे पाणी चढत नाही, तेव्हा खोल बुडणारी जहाजे बाहेरच राहत.

या गोदीत शहराची गटारे येत, आणि जहाजे मोठी होत गेली तशी ती अपुरीही पडली. १८२६मध्ये ती बुजवली. २००१मध्ये खोदकामात तिच्या भिंती पुन्हा सापडल्या. आज त्या लिव्हरपूल वन या बाजारसंकुलाखाली आहेत. आत मार्गदर्शकाबरोबरच जाता येते. फेऱ्या चालू आहेत का ते आधी पाहून नोंदणी करावी. वरच्या फरसबंदीत काचेची गोल खिडकी आहे, ती सहसा ओलांडून जातात, तिथे थांबावे. खाली उतरल्यावर नजर भिंतीच्या तळाशी न्यावी. विटांचे काम सरळ नैसर्गिक वाळूच्या दगडावर टेकलेले दिसते. गुलामांच्या व्यापारात गुंतलेली जहाजेही १८०७च्या बंदीपर्यंत याच गोदीतून ये-जा करत. ही गोष्ट गाळून गोदीचे कौतुक करणे आम्हाला अप्रामाणिक वाटते.

पाच मिनिटांवर अल्बर्ट डॉक. अभियंता जेसी हार्टलीने १८४६च्या या गोदामांत विटा, दगड आणि लोखंड वापरले. आगीच्या भीतीने इमारतीच्या सांगाड्यात लाकूड टाळले. ओतीव लोखंडाचे जाड खांब हाताने ठोकून पाहा, आतून पोकळ आहेत. दक्षिणेकडच्या गोद्या १९७२मध्ये बंद झाल्यावर नदीचे पाणी मोकळे आत येऊ लागले आणि प्रत्येक भरतीने आणलेल्या गाळाने हे कुंड भरत गेले. १९८०च्या दशकात तो सगळा उपसावा लागला. गोदी वापरात नसली तरी तिचे दरवाजे सांभाळावे लागतात ते यासाठी.

आता बोगदे. गोद्यांशी खरे नाते आहे ते वॉपिंग बोगद्याचे, आणि त्याचाच उल्लेख कुठे नसतो. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचा हा सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा १८३०पासून उंचावरचा एज हिल भाग आणि गोद्या यांच्या दरम्यान माल नेत असे. उतार ४८ला १. वाघिणी उताराने खाली सोडत आणि चढणीवर वाफेच्या स्थिर इंजिनाने दोराने ओढत. तो आता बंद आहे. आत शिरण्याचा प्रयत्न करू नये. विटांचे वायुवीजन-मनोरे मात्र रस्त्यावरून दिसतात.

जोसेफ विल्यमसनचे बोगदे वर एज हिललाच आहेत, पण त्यांचा बंदराशी संबंध नाही. तंबाखूच्या या व्यापाऱ्याने १८४०मध्ये मरेपर्यंत ते खोदवले. का, याची एकच खात्रीची नोंद नाही. दगडाच्या खाणी कमानींनी झाकल्या, हे स्पष्टीकरण आम्हाला सर्वांत पटते. नंतर त्यांत राडारोडा आणि घरगुती कचरा भरला गेला. स्वयंसेवक आजही तो उपसतात. पायाखाली ओल असते, पकड असलेले बूट घालावेत. चढ असल्याने यासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवावा.

डर्बी हाऊस या इमारतीखालचे युद्धकाळातले तळघर तिसऱ्याच कारणाने झाले. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४१पासून, अटलांटिकमधल्या जहाजांच्या ताफ्यांचे संरक्षण इथून चाले. भिंतीवरचा प्रचंड नकाशा पाहायलाच हवा.

२००४मध्ये मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा लिव्हरपूलने २०२१मध्ये गमावला. त्यामागे नदीकाठची नवी बांधकामे होती. त्यांतले एक म्हणजे १८४८ची ब्रॅमली-मूर गोदी बुजवून उभारलेले एव्हर्टन फुटबॉल क्लबचे मैदान. सामन्याला जाणाऱ्या मराठी फुटबॉलप्रेमींनी तासभर आधी पोहोचून शेजारचा १८८३चा जलदाब-मनोरा (गोदीची यंत्रे पाण्याच्या दाबाने चालवण्यासाठीचा) आणि हार्टलीच्या दगडी भिंतींचा उघडा भाग जरूर पाहावा.

— बंदरे आणि गोद्यांचे अभ्यासक, काही वाचक