मंत्रिमहोदय, आमचा धाकटा कोणत्या रकान्यात बसतो?

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

काल टपालानं पत्र आलं. पाच ओळींचं. माझा धाकटा भाऊ 'बॅटल कॅज्युअल्टी', म्हणजे लढाईतला बळी नाही, 'फिजिकल कॅज्युअल्टी', म्हणजे आजार-अपघातानं गेलेला आहे. सियाचिनच्या ठाण्यावर त्याच्या छातीत पाणी भरलं, हवा खराब म्हणून दोन दिवस हेलिकॉप्टर चढलं नाही, आणि तो गेला. हे म्हणे आजारपण. म्हणून भावजयीला पूर्ण पगाराएवढी नाही, 60 टक्के पेन्शन.

अंत्यविधीला आपण स्वतः आला होता. आईच्या हातात तिरंगा देताना म्हणालात, "काही कमी पडू देणार नाही." माईक चालू होता, अख्ख्या गावानं ऐकलंय.

त्याचा शेवटचा फोन मी घेतला. दोन शब्द झाले की खोकायचा. "दादा, जरा सर्दी झालीय, आईला सांगू नको." नाही सांगितलं. आता रात्री लाइट आली की मोटर चालू करायच्या निमित्तानं रानात जातो आणि बांधावर बसून राहतो. घरात तोच खोकला ऐकू येतो. त्याच्या ट्रंकेतले लोकरी मोजे आईनं अजून धुतलेले नाहीत, कुणाला हातही लावू देत नाही.

सियाचिन ताब्यात घ्यायचं लष्कराचं ऑपरेशन मेघदूत 13 एप्रिल 1984 ला सुरू झालं. संपल्याचं आम्हाला तरी कुणी कळवलेलं नाही. तिथं आजवर आठशेच्या वर जवान गेले म्हणतात. गोळीनं थोडे, हवेनंच बहुतेक. मग तिथला शत्रू कोण, ते तरी ठरवा! उंचावरच्या जवानांना बर्फाचे गॉगल आणि बूट कमी पडले, असं 2020 मध्ये सरकारचा हिशोब तपासणाऱ्या कॅगच्याच अहवालात आलं. तुमच्या फ्लेक्सला कधी कापड कमी पडलंय?

जानेवारी 2013 मध्ये नियंत्रण रेषेवर गस्तीत थंडीनं गेलेल्या एका जवानाच्या पत्नीलाही असंच 'फिजिकल' म्हणून फिरवलं. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारलाच तिला खटल्याच्या खर्चापोटी 50 हजार रुपये द्यायला लावले. म्हणजे बारा वर्षं. माझी आई 71 वर्षांची आहे, हिशोब तुम्हीच करा. वकिलाला द्यायला पैसे लागतात, आणि उसाचं बिल कारखान्याकडं अडकलंय. पण ते खातं तुमचं नाही म्हणाल. कुठलंच खातं कुणाचं नसतं.

वैद्यकीय मंडळाच्या कागदांच्या प्रती द्या आणि प्रकरण फेरविचाराला पाठवा. एवढंच मागणं आहे.

आणि यंदा 15 ऑगस्टला शाल-श्रीफळ पाठवू नका. दोन शाली आहेत घरात, घडीसुद्धा मोडलेली नाही.

आपला,
एका जवानाचा थोरला भाऊ
जि. सातारा