ओक्लाहोमाच्या काकांना, गाडी वळवल्याबद्दल

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार ऐकून घेत नाही, ‘बरं बरं, जेवलास का?’ म्हणून विषयच बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. आता मध्ये तोडता येणार नाही.

टोर्नेडोचं चित्रण करायला मी नॉर्मनला आलो तेव्हा माझ्याकडे फक्त कॅमेरा होता. गाडी तुमची, रडार वाचणारी नजर तुमची. सकाळी स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी वादळ-अंदाज केंद्राचा, अंदाज वाचून झाला की तुम्ही दवबिंदूंचे, म्हणजे हवेत दमटपणा किती ते सांगणारे, आकडे काढून बसायचात. मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा कुठवर पोचली, पश्चिमेची कोरडी हवा तिला कुठे भिडणार, त्या ड्रायलाइनवर बोट ठेवून गाव ठरायचं. मग तिथल्या पेट्रोल पंपावर तासन्‌तास बसणं. काकूंच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नसती तर मी पहिल्या आठवड्यातच परतलो असतो. वरच्या उबदार हवेचं झाकण न उघडल्यानं आभाळ निळंच राहिलं, असे दिवस किती गेले! त्याबद्दल तुमची कुरकुर कधी ऐकली नाही. माझी मात्र तुम्ही भरपूर ऐकलीत.

वादळ उभं राहिलं की तुम्ही आग्नेयेला जागा धरायचात. तिथली बहुतेक वादळं ईशान्येकडे सरकतात, पाऊस आणि गारा साधारण उत्तरेच्या अंगाला पडतात, त्यामुळे या बाजूनं ढगाचा तळ स्वच्छ दिसतो. पण ट्रायपॉड उतरवण्याआधी तुमचा प्रश्न ठरलेला: निसटायला दक्षिणेला डांबरी रस्ता कुठे? नकाशावर मैला-मैलावर रस्ते दिसतात खरे, पण पाऊस पडला की त्या तांबड्या मातीत चाकं रुततात.

आणि ती संध्याकाळ. सोंड समोर, उजेड मागून, फ्रेम अशी की पुन्हा मिळणार नाही. तुम्ही म्हणालात, “डावीकडे सरकत नाही, उजवीकडे सरकत नाही, नुसता मोठा होतोय. म्हणजे आपल्याकडेच येतोय. गुंडाळ.” मी दोन मिनिटं मागितली. तुम्ही गाडी सुरू केलीत. वाटेत ओक्लाहोमातल्याच एल रेनो गावाजवळचं सांगितलंत: ३१ मे २०१३, चार किलोमीटरहून रुंद टोर्नेडो, त्यानं दिशा बदलली आणि वेगही वाढवला. त्यात टोर्नेडोंचे अभ्यासक टिम सामारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गेले. सामारास सावध माणूस म्हणून ओळखले जायचे, हे तुम्ही दोनदा म्हणालात. त्यानंतर मी तुमच्याकडे मिनिटं मागितली नाहीत.

झूमशी खेळू नको, क्षितिज फ्रेममध्ये ठेव, वेळ आणि जागा लिहून ठेव, हा तुमचा तगादा तेव्हा जाच वाटायचा. पण १९५७ च्या डॅलस टोर्नेडोच्या फिल्मवरून, उडणारे तुकडे फ्रेमगणिक किती सरकले ते मोजून, हवामानशास्त्रज्ञ होएकर यांनी ताशी सुमारे १७० मैलांपर्यंतचे वारे काढले, हे तुमच्याकडून कळल्यावर माझी वही आपोआप उघडायला लागली.

सगळं चित्रण हार्ड डिस्कवर घालून कुरियरनं पाठवलंय. फायलींना तारीख, वेळ आणि काउंटीचं नाव दिलंय. गाडी वळवलीत तो तुकडाही त्यात आहे. त्यात तुमचा आवाज आहे, आणि थोडी शिवीही. ती मी कापलेली नाही, काकूंना आधी सांगून ठेवा.

तुमचा,
मागच्या सीटवरचा कॅमेरावाला