आजीची चिठ्ठी आणि आमची माटोळी

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, सरकारी आरोग्य केंद्रात बायकांची कर्करोगाची तपासणी फुकट होते, मग तुम्ही बायका पैसे कशाला जमवताय?" तेव्हा मी खतखत्याच्या भाज्या चिरत होते, मागे फुगडीची तालीम चाललेली. उत्तर धड दिलं नाही. आज दुपारी घरात कोणी नाही, म्हणून लिहायला बसले.

आजीची पत्र्याची पेटी तुला आठवत असेल, सावई-वेऱ्याच्या घरात देवघराच्या शेजारी असायची ती. ती गेली तेव्हा तू सातवीत होतास. बाराव्यानंतर मी ती पेटी उघडली. वर नऊवारी लुगडी, खाली सुपारीच्या हिशोबाच्या वह्या, आणि वहीत घडी घालून ठेवलेली एक चिठ्ठी. फोंड्याच्या डॉक्टरांनी लिहिलेली, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात दाखवा म्हणून. तारीख आम्हाला कळण्याच्या सात महिने आधीची.

म्हणजे ती गेली होती रे. आम्हाला तोवर वाटत होतं की तिने दुखणं अंगावर काढलं, कोणाला दाखवलंच नाही. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि पुन्हा रक्त जाऊ लागलं. ते कपडे ती उजाडायच्या आत व्हाळावर धुऊन आणायची. तरीही एकटी बस धरून फोंड्याला गेली, डॉक्टरांना दाखवलं, चिठ्ठी घेतली आणि घरी आली. बांबोळीला जायचं तर फोंड्याला एक बस बदला, पणजीला दुसरी, मग तिथे कुठल्या दारात उभं राहायचं ते विचारा. सोबत कोणीतरी हवं. तिने कोणाला म्हटलं नाही. शेवटी गणेशचवथीच्या स्वयंपाकात चुलीपाशी कोसळली तेव्हा मामाने गाडी आणली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, फार पुढे गेलेला. मी तिला विचारलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना आपापली कामं होती."

अडतिसाव्या वर्षी विधवा झालेली बाई. पोफळी, माड, मिरीचे वेल, पाटाचं पाणी, सगळं कुळागर तिने एकटीने सांभाळलं. पाडेली माडावर चढला की खाली उभी राहून नारळ मोजायची, एकही चुकायचा नाही. ती खंबीर होती हे खरंच आहे. पण तिच्या खंबीरपणाचं कौतुक करता करता तिच्यासोबत जायला हवं, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. हे मला अजून सलतं.

आता तुझी आत्या घे. गोवा मुक्तीनंतर त्यांच्या गावात मराठी शाळा उघडली तेव्हा ती दहा वर्षांची होती. तेव्हा पहिलीत बसली आणि पुढे त्याच शाळेत शिक्षिका झाली. आजीनंतर चार वर्षांनी तिला आंघोळ करताना स्तनात गाठ लागली. त्याच संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन उभी राहिली आणि तुझ्या बाबांना म्हणाली, "भाऊ, उद्या रजा टाक. माझ्याबरोबर बांबोळीला यायचंय." विनंती नव्हे, हुकूमच. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, केस गेले, डोक्याला रुमाल बांधून जूनमध्ये पुन्हा वर्गात हजर. आज चौऱ्याहत्तरची आहे आणि फुगडीच्या मुलींना ओरडते आहे.

एकीने सोबत मागितली, दुसरीने मागितली नाही. आम्ही पैसे जमवतो ते या सोबतीसाठी. गाडीचं भाडं, रोजावर जाणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी, आणि दिवसभर तिच्याबरोबर राहणारी एक बाई, जिला कुठली खिडकी, कुठला मजला, दुपारचं जेवण कुठे मिळतं हे सगळं माहीत आहे.

पैसे जमवायचा कार्यक्रम देवळाच्या सभामंडपात झाला. फुगडी, बायकांचं भजन, बाहेर खतखतं, पातोळ्या आणि मणगणं. मणगणं पाऊण तासात संपलं. चवथीला गणपतीच्या वर फळं बांधून टांगतो ती माटोळी उतरवून तिची चौकट मोकळी पडली होती, ती आम्ही मंडपात टांगली. पावती फाडणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका बाईचं नाव कागदावर लिहायचं आणि फळांच्या जागी बांधायचं. कितीजण लेखणी हातात घेऊन थांबले, ते बघायला हवं होतंस. कोणाला आपल्या आजीचं लग्नानंतर ठेवलेलं नाव ठाऊक, पण माहेरचं माहीत नाही. एका म्हाताऱ्याने आईचं नाव आठवायला बहिणीला फोन लावला. रात्री चौकट कागदांनी भरून गेली होती.

मध्ये आत्या बोलली. मद्रासच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींची गोष्ट सांगितली. त्यांची धाकटी बहीण कर्करोगाने गेली. आधी आमांश समजून उपचार झाले होते. ते दुःख त्यांनी मनात धरून ठेवलं आणि बायकांच्या संघटनेमार्फत निधी उभा केला. १९५४ साली अड्यारला कर्करोग रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथे फक्त १२ खाटा होत्या. आमची रक्कम ७१,४५० झाली. आत्या म्हणाली, बाराच्या मानाने बरी सुरुवात आहे.

बायका तपासणीला घाबरतात, म्हणून आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी नीट समजावलं. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावतात, जवळजवळ शिरक्यासारखंच, आणि मिनिटभराने बघतात. पेशी बदललेल्या असतील तिथे पांढरा डाग दिसतो. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांवर याचा अभ्यास केला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायका होत्या. या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे ऐकल्यावर मागच्या रांगेतल्या दोघी उठून नाव द्यायला आल्या.

आता तुझ्याकडे येते. हा रोग ज्या विषाणूने होतो तो शरीरसंबंधातून पसरतो, पुरुषांकडूनही येतो. तेव्हा ही "बायकांची भानगड" म्हणून तू बाजूला होऊ नकोस. सूनबाई पस्तिशीची झाली. ही तपासणी तिशीनंतर सुरू करायची असते. तिला "जाऊन ये" म्हणू नकोस, तू बरोबर जा. ती आत असेल तेव्हा बाहेर बाकड्यावर बस. आणि छकुलीला नऊ पूर्ण होतील. या विषाणूवरच्या लशीचं तिच्यासाठी डॉक्टरांना विचार. नऊ ते चौदा या वयात ती सर्वांत चांगली लागू पडते, आणि सीरमची लस तर तुमच्या पुण्यातच तयार होते.

पैसे पाठवू का, असं विचारलं होतंस. पाठव. पण दिवाळीला येशील तेव्हा एक गुरुवार माझ्यासाठी ठेव. गाडीवाला त्या आठवड्यात गावी जाणार आहे आणि तुला गाडी चालवता येते. सकाळी सातला देवळाकडून निघायचं. पहिल्या फेरीला सात बायका आल्या, त्यात तुझ्या बालवाडीच्या बाईही होत्या. पुढच्या फेरीच्या यादीत नऊ नावं आहेत.

आजीची ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. आलास की दाखवते.

तुझी,
आई